भीड आणि भट्टीचं बिल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, दुखणं सगळ्यात आधी कळतं ते विजेच्या बिलात. ताळेबंद वर्षातून एकदा होतो, बँकेचं स्टेटमेंट महिनाअखेरीला कसंतरी उभं करता येतं आणि मालक तर चेहऱ्यावर काही दिसूच देत नाही. पण विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट लागतातच. हेस्कॉमचं, म्हणजे आमच्या वीज कंपनीचं, बिल आलं की इतर यंत्रांची वीज अंदाजानं वजा करायची, उरलेल्या युनिटना 600 नं भागायचं. महिन्यात किती टन ओतकाम झालं ते समोर येतं. हा हिशेब मला बाबांनी शिकवला. ते उद्यमबागेतच एका पॅटर्न शॉपमध्ये तीस वर्षं ओतकामाच्या नमुन्यांसाठी लाकूड तासत होते. मी सीए झाले तेव्हा त्यांनी दिलेला हा पहिला धडा.

2008 च्या नोव्हेंबरात असंच एक बिल माझ्या टेबलावर आलं. मी भागाकार केला. सप्टेंबरच्या तुलनेत टनेज निम्म्यावर आलं होतं. मी बिल फाइलला लावलं आणि गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचं मोल पुढे अनेकांनी भरलं. ते मला आज लिहायचं आहे, कारण आमच्यासारख्या लहान सेवा देणाऱ्या फर्म मंदीत कशा बुडतात याची कारणं सांगताना लोक बाजाराकडे बोट दाखवतात. माझा अनुभव असा की बाजार निम्मं बुडवतो. उरलेलं निम्मं भीड बुडवते.

माझी फर्म 2003 ची. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ, जिना चढून दोन खोल्या. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, वडगाव-खासबागचे यंत्रमागवाले, गणपत गल्लीतली दुकानं, खानापूरचे वीटभट्टीवाले, पलीकडे चंदगडचे काजूवाले, अशा आमच्या पार्ट्या. क्लायंटशी बोलणं मराठीत, कचेरीत कन्नड, कागदावर इंग्रजी. तिन्ही भाषा एका तासात तोंडात येतात आणि त्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. सीमेचं म्हणाल तर आमच्यासाठी ती नकाशावर कमी आणि फॉर्मवर जास्त होती. 1 एप्रिल 2005 ला कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे व्हॅट आला. बेळगावातून महाराष्ट्रातल्या शिनोळीला ओतीव माल (कास्टिंग) पाठवायचा, म्हणजे जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर, पण तो आंतरराज्य व्यवहार. मग खरेदीदाराकडून सी फॉर्म आणा, नाहीतर सवलतीचा दर विसरा. एका सी फॉर्मसाठी आमची आर्टिकल मुलं, म्हणजे सीएचं शिकणारे उमेदवार, एसटीनं चंदगडला गेलेली आहेत.

तीन-चार वर्षांत काम वाढलं. 2008 च्या उन्हाळ्यात आम्ही नऊ जण होतो. मला वाटायचं, पार्ट्या पुष्कळ आहेत, एखादी गेली तरी चालेल. इथंच माझी नजर चुकली. त्या पार्ट्यांपैकी फीच्या हिशेबानं मोठ्या पाच घ्या. तीन फाउंड्र्या, एक मशीन शॉप, एक ट्रान्सपोर्टवाला. तिन्ही फाउंड्र्यांचा माल शेवटी वाहनांच्या कारखान्यांत जायचा, मशीन शॉप त्याच कास्टिंगवर काम करायचं आणि ट्रान्सपोर्टवाला तोच माल न्यायचा. पाट पाच, विहीर एक. दुसऱ्याच्या वहीत हे मला दहा मिनिटांत दिसलं असतं. माझ्या वहीत दिसायला मंदी यावी लागली.

15 सप्टेंबर 2008 ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली, तेव्हा टॅक्स ऑडिटची मुदत पंधरा दिवसांवर होती. ऑफिसात रात्री दहापर्यंत दिवे होते. ती बातमी आम्ही वाचली आणि पुन्हा व्हाउचर लावायला बसलो. ऑक्टोबरात दिवाळी झाली. नोव्हेंबरात ते बिल आलं.

ज्यांचं ते बिल, त्यांना मी काका म्हणते. बाबांचे ते जुने मालक. माझ्या लग्नात त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारून पंगतीत जिलब्या वाढल्या होत्या. त्यांना काय विचारायचं, की काका, भट्टी निम्मी चालते आहे का? त्यांना वाटेल पोरगी फीसाठी विचारते आहे. म्हणून विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढचे पाच महिने आम्ही दोघं एकमेकांची भीड सांभाळत राहिलो. त्या पाच महिन्यांत त्यांनी घरचं सोनं गहाण ठेवून पगार केले आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा काठापर्यंत वापरली. वेळेत बसलो असतो तर एक भट्टी बंद ठेवून हेस्कॉमकडे मंजूर भार कमी करून घेता आला असता. भट्टी थंड असली तरी मंजूर भारावरचा डिमांड चार्ज चालूच असतो, तो तरी वाचला असता. हे मला येत होतं. तेच तर माझं काम होतं.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली. तेव्हा वाटायचं ही मागणाऱ्याला उद्देशून आहे.

माल विकणाऱ्याला एक सोय असते. पैसे आले नाहीत तर तो पुढची गाडी भरत नाही. न बोलता निरोप पोचतो. आमच्याकडे अडवायला गाडी नसते. रिटर्नची तारीख सरकारची, दंड क्लायंटला. तारीख आली की आम्ही काम करतोच, कारण न करणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. त्यातून सीएला फलक लावून, सवलत जाहीर करून नवं काम मागता येत नाही, तसा 1949 च्या कायद्यापासूनचा दंडक आहे आणि तो मला योग्य वाटतो. म्हणजे जुन्या पार्ट्यांचं येणं हीच काय ती आमची विहीर. ते येणं कुणी कुणाशी बोललंच नाही तर ते वहीत वाढत जातं आणि खात्यात येत नाही. 2009 च्या मार्चला मी आमच्याच येण्याची यादी काढली. ती सात महिन्यांच्या पगाराएवढी होती. बँकेत दीड महिन्याचा पगार होता.

आणि मग मी जे केलं ते मला अजून टोचतं.

आमच्याकडे एक जुने अकाउंटंट होते. वयानं माझ्या मामाएवढे, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. टॅली यायच्या आधीपासून हातानं खातेवही लिहिणारे. त्यांचा पगार सगळ्यांत जास्त. एका शनिवारी मी त्यांना आत बोलावलं. ‘मामा, काम जरा कमी आहे. थोडे दिवस घरी विश्रांती घ्या. काम आलं की मी फोन करते,’ असं म्हणाले. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते ‘बरं की मॅडम, त्यात काय’ म्हणाले, टेबलाच्या खणातला चष्म्याचा डबा आणि तपकिरी पेन खिशात घातलं, आणि जिना उतरून गेले. फोन करण्याची वेळ काही आली नाही. चार-पाच महिन्यांनी गणपत गल्लीत भाजी घेताना कुणीतरी सांगितलं, ते निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे लागले.

2010 पासून मी काही गोष्टी बदलल्या. पहिली गोष्ट एका पानाची. कामाचं पत्र. काय काम करणार, काय करणार नाही, फी किती, कुठल्या महिन्यात किती. मराठीत, कन्नडवाल्यांना कन्नडमध्ये. वर्षाची फी एकदम ऑडिटनंतर मागायची पद्धत बंद केली, महिन्याला वाटून घेतली. लहान दुकानदारांना ते उलट सोपं गेलं. नातेवाइकांना पत्र द्यायला सुरुवातीला माझाच हात अडखळला. एका आत्येभावानं पत्र वाचून ‘आता आमच्यात पण कागद?’ असं विचारलं. मी म्हटलं, आपल्यात वाकडं येऊ नये म्हणूनच कागद. त्यानं सही केली. अजून तो आमचा क्लायंट आहे.

दुसरी गोष्ट, सहा महिन्यांच्या पगाराची ठेव. वेगळ्या बँकेत, फर्मच्या नावानं, हात लावायचा नाही. ती भरायला 2015 उजाडलं. त्या पाच वर्षांत ऑफिसची खुर्चीसुद्धा नवी घेतली नाही आणि त्याबद्दल मला एक दिवस वाईट वाटलं नाही. विहीर एकच असू नये म्हणून बँकांचं काम, शाळा आणि ट्रस्टांचे हिशेब, चंदगड-गडहिंग्लज बाजूची कामं हळूहळू वाढवली.

8 नोव्हेंबर 2016 नंतरचे दिवस वेगळ्या परीक्षेचे होते. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दोन मोठे क्लायंट मागच्या तारखेची बिलं करून द्या म्हणत आले. नाही म्हटलं. ते दोघे गेले, त्यांच्याबरोबर वर्षाची बरीच फी गेली. ठेव होती म्हणून ‘नाही’ म्हणणं सोपं गेलं, हे मला मान्य केलं पाहिजे. 2009 च्या मार्चात कुणी हेच मागितलं असतं तर मी किती ताठ उभी राहिले असते, सांगता येत नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि धंद्यात मंदी असताना आमच्याकडे कामाचा पूर आला. आमचं हे नेहमीच असं होतं. व्यापाऱ्याचा वाईट काळ म्हणजे नोटिसा, कर्जाची पुनर्रचना, नवे कायदे, म्हणजे आम्हाला काम. काम वाढतं म्हणून माणसं घ्यावीशी वाटतात, आणि फी येत नाही. या कात्रीत कितीतरी चांगल्या फर्म सापडतात. वर जीएसटीनं एक बारीक गाठ मारून ठेवली. आधीच्या सेवा करात लहान फर्मला, पन्नास लाखांच्या आत उलाढाल असली तर, पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. जीएसटीत बिल केलं की 18 टक्के भरायचेच, क्लायंटनं दिले असोत वा नसोत. म्हणजे लाखभर फीचं बिल केलं आणि पार्टी गप्प बसली, तर माझे लाख अडकले आणि वर अठरा हजार खिशातून गेले. भिडेवर आता कर लागायला लागला. अनेकांनी यावर उपाय म्हणून बिल करणंच लांबवलं. बिल नाही तर मागणं नाही, मागणं नाही तर येणं नाही. मी मुलांना सांगितलं, काम झालं की बिल, आणि बिल पाठवायच्या आदल्या दिवशी फोन. फोनवर विचारायचं: या महिन्यात जमणार का? नसेल तर कुठल्या तारखेला?

सीमेचा जाच मात्र जीएसटीतही राहिला, रूप बदलून. वडगावातल्या एक बाई घरी पापड-मसाले करतात. त्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पण शिनोळीच्या दुकानदारानं ‘माल पाठवून द्या’ म्हटलं आणि त्यांनी दोन बॉक्स रिक्षात घालून पाठवले की तो आंतरराज्य पुरवठा झाला, नोंदणी सक्तीची. लहान व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशनची सोपी योजनाही मग त्यांना नाही. त्याहून लांब, पण कर्नाटकातच, खानापूरला पाठवले असते तर काहीच नव्हतं. त्या बाईंना हे समजावून सांगताना मला दरवेळी जड जातं. कर्नाटकातली बाची संपते आणि शिनोळी लागते तिथं रस्ता तोच असतो, शेतं तीच असतात, माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात.

2019 च्या ऑगस्टात पूर आला, वडगावातल्या एका विणकराच्या माग बसवलेल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी आणि बीम चिखलात. ते सावरतात न सावरतात तोवर 25 मार्च 2020 चा लॉकडाउन.

त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना एका कॉलवर घेतलं. आम्ही तेव्हा सोळा जण होतो. पडद्यावर फर्मचं खातं उघडलं आणि आकडे वाचून दाखवले. ठेव किती, महिन्याचा पगार किती, येणं किती, त्यातलं पुढच्या तीन महिन्यांत येईल असं किती वाटतं. हे करताना घशाला कोरड पडली होती. मग सांगितलं: भागीदार पहिल्या दिवसापासून काही उचलणार नाहीत. पंचवीस हजारांच्या खालचे पगार आणि आर्टिकल्सचं विद्यावेतन पूर्ण. त्यावरच्या पगाराचा पाचवा हिस्सा मागे राहील, तो ज्याच्या त्याच्या नावावर लिहून ठेवला जाईल आणि दिवाळीला मिळेल. कुणालाही घरी बसायला सांगितलं जाणार नाही. कुणी थोडा वेळ बोललं नाही. मग बैलहोंगलचा एक आर्टिकल, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, म्हणाला, ‘आयतु री मॅडम, ठीक आहे. कामाचं सांगा.’

आमच्यातली एक मुलगी चंदगड तालुक्यात राहते. नाका बंद, तिला येता येईना, घरी संगणक नाही. तिच्या वडिलांना परवानगी होती ती शिनोळीपर्यंत, मला बाचीपर्यंत. मी सीपीयू आणि मॉनिटर सोलापुरी चादरीत गुंडाळून गाडीतून नेला. मधल्या पट्ट्यात बॅरिकेडजवळ पोलिसांनी चादर उघडून बघितली, आत काय आहे ते समजल्यावर त्यातल्याच एकानं मॉनिटर उचलून पलीकडे दिला. तिच्या वडिलांनी तो एम-ऐटीच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधला. चादर त्यांनी घडी करून परत दिली, आणि तिच्यात पाव किलो काजू बांधलेले होते.

त्या उन्हाळ्यात फीपेक्षा फोन जास्त झाले. हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली होती, आणि निम्म्या लोकांना वाटत होतं की ती माफी आहे. प्रत्येकाला सांगायचं: हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही; ज्याला भरता येतं त्यानं भरावं. मग तातडीच्या कर्जाची योजना आली, 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी त्याच्या 20 टक्के, सरकारच्या हमीवर. त्याचे अर्ज आम्ही घरोघरच्या डायनिंग टेबलांवरून केले. काकांचा पहिला. या वेळी बिलाची वाट न बघता मीच त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, ‘पोरी, तुझं पण राहिलंय माझ्याकडं, मला लाज वाटते.’ मी म्हटलं, काका, ते पत्रावर लिहिलंय, जानेवारीत बघू. आधी भार कमी करायचा अर्ज टाकू. जानेवारीत त्यांनी पैसे दिले. ते द्यायला मुलाला न पाठवता स्वतः जिना चढून आले.

दिवाळीला मागे ठेवलेले पगार सगळ्यांच्या खात्यावर गेले. त्यानंतरच्या रविवारी मी निपाणीला गेले.

मामा आता थकले आहेत. ओसरीवर बसून नातवाचा गणिताचा पेपर तपासत होते, तेच तपकिरी पेन. मी माफी मागितली. काय लिहून नेलं होतं ते काहीच बोलता आलं नाही, सरळ मागितली. त्यांनी चहा सांगितला. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘पैसे नव्हते हे मला दिसतच होतं की हो मॅडम, खाती मीच लिहीत होतो. पण तुम्ही फोन करते म्हटला. चार महिने मी फोनजवळनं हललो नाही. एका ठिकाणी बोलावलंतं, तिथं पण गेलो नाही. तुमचं काम आलं आणि मी नसलो तर, म्हणून.’

परत येताना मी संकेश्वरच्या बाजूनं उगाच हळू गाडी चालवत आले.

अलीकडे एक कायदा झाला आहे. 1 एप्रिल 2024 पासून सुरू होणाऱ्या कर-निर्धारण वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं 15 दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत दिलं नाही, तर ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी तो खर्च धरता येतो. उद्यम नोंदणी असलेल्या आमच्यासारख्या सेवा फर्मही त्यात बसतात. मुंबईत यावर काय चर्चा झाल्या असतील त्या असोत. आमच्याकडे त्यानं एवढं केलं की माणसांना पैशाबद्दल बोलायला निमित्त मिळालं. ‘आमच्या सीएनं सांगितलंय, मार्चच्या आत द्यायला लागतंय,’ असं म्हणून लोक उधारी मागू लागले. निमित्त कुठलं का असेना, बोलणं झालं.

2025 च्या ऑगस्टात अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर 50 टक्के शुल्क लावलं. काकांचा मुलगा आता कारखाना बघतो, त्यांच्या मालातला काही भाग बाहेर जाणाऱ्या पंपांत बसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं बिल आमच्याकडे आलं. आर्टिकलनं भागाकार करून आकडा मला दाखवला. मी गाडी काढली. उद्यमबागेत तिसऱ्या पाळीची भट्टी बंद होती, शेडमध्ये मोल्डिंगची वाळू ओली करून झाकून ठेवलेली. मुलगा म्हणाला, ‘ताई, मी उद्या फोन करणारच होतो.’ आम्ही ऑफिसात बसलो, कुठल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर थांबली, कुणाचं येणं किती दिवसांचं, कोणती भट्टी ठेवायची, पस्तीस कामगारांपैकी कुणाला काय सांगायचं आणि कधी. ‘कधी’वर तो अडला. दिवाळी होऊ दे म्हणाला. मी त्याला मामांची गोष्ट सांगितली, नाव न घेता. तो थोडा वेळ खिडकीतून शेडकडे बघत राहिला. मग त्यानं सुपरवायझरला हाक मारली आणि म्हणाला, पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना दहा मिनिटं थांबायला सांगा.